वाइनरीत मावशीचा तास

मावशी आयुष्यात दारूला शिवलेली नाही. तरी रस्त्याकडेला ‘वाइनरी – आत या’ अशी हाताने रंगवलेली पाटी दिसली तेव्हा “वळव गाडी” म्हणाली ती तीच. निघालो होतो भलतीकडेच. तिकडे आता पुन्हा कधीतरी.

दगडी तळघर वगैरे काही नव्हतं. पत्र्याची शेड, स्टीलच्या टाक्या, ओली फरशी आणि हातात पाण्याचा पाइप धरलेला, गमबूट घातलेला मालक. द्राक्षं लावणारा, वाइन करणारा आणि आल्यागेल्याला हिंडवून दाखवणारा तोच. “या धंद्यात निम्मा वेळ धुण्यात जातो,” म्हणाला. नको ते जीवाणू शिरले आणि हवा लागली, की वाइनचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही.

तोडणीचा हंगाम होता. त्याने काळ्या द्राक्षांचा घड पुढे केला. मावशीने एक मणी चिमटीत चिरडून रस माझ्या नाकासमोर धरला. “बघ, आहे का रंग?” नव्हता. बहुतेक द्राक्षांचा रंग सालीत असतो, म्हणून रेड वाइन सालींसकट आंबवतात. साली लगेच बाजूला केल्या तर काळ्या द्राक्षांचीही पांढरी वाइन होते. हे मालकाने सांगायच्या आत तिने सांगून टाकलं. शाळेत रसायनशास्त्र शिकवायची ती. निवृत्त झाली, पण वर्ग काही सुटलेला नाही.

मग त्याने रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचे दोन थेंब टाकले आणि तिला उजेडाकडे धरून बघायला लावलं. २४ ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २४ ग्रॅम साखर. मावशी तिथेच सुरू झाली: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. “म्हणजे बारा टक्के.” मालक हसला. “तेरा-चौदा धरा, ताई. बाटलीवरचा टक्का वजनाचा नसतो, आकारमानाचा असतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं ना!” चूक दाखवल्यावर माझी मावशी इतकी खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

उघड्या टाकीत डोकवायला गेली तेव्हा मात्र त्याने तिला सरळ दटावलं, “मागे व्हा.” तो ८८ ग्रॅमवाला वायू हवेपेक्षा जड. टाकीत साचून राहतो, दिसत नाही, आणि माणूस आत वाकला तर शुद्ध हरपू शकते. शेडची दारं सताड उघडी का होती, ते तेव्हा कळलं.

टाकीला हात लावला तर कोमट. यीस्ट कामाला लागलं की उष्णता सुटते. ती आवरली नाही तर यीस्टच मरतं. वर सालींचा जाड थर तरंगत होता. तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर वरून सुकतो आणि रंग खाली उतरत नाही. मालकाने लांब दांड्याचं दाबणं माझ्या हातात दिलं. मी जोर लावला, थर ढिम्म. आणखी जोर लावला तेव्हा बुडबुड्यांसकट कुठे जेमतेम बुडाला. खांदे दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत होते.

चाखण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गाडी मलाच चालवायची होती, त्यामुळे घोट तोंडात घोळवायचा आणि बादलीत थुंकायचा. तशी पद्धतच आहे म्हणे, पण मावशीसमोर थुंकताना मी शाळकरी झाले. एक पांढरी वाइन फार आंबट लागली. “कच्च्या सफरचंदासारखी,” मी म्हटलं.

“मॅलिक ॲसिड,” मावशी ग्लासला हातही न लावता म्हणाली.

मालकाने मान डोलावली. काही वाइनमध्ये जीवाणूंकडून त्याचं लॅक्टिक ॲसिड करून घेतात, मग चव मवाळ होते. हिच्यात मुद्दाम केलं नव्हतं. निघताना त्याने मावशीला गमतीत विचारलं, पुढच्या हंगामात मापं घ्यायला येता का?

“येईन की,” ती म्हणाली. “पण मोबदल्यात बाटल्या देणार असाल तर नाही.”