सासवडच्या माळावर पाच दिवस: विमान बांधायच्या शिबिराचा वृत्तांत

मे महिन्यात लेकीला घेऊन सासवडजवळ पाच दिवसांच्या एरोमॉडेलिंग शिबिराला जाऊन आलो. तेरा ते सतरा वयाची सोळा मुलं, शिकवणारे दोन सर, पत्र्याची एक शेड आणि पलीकडे मोकळा माळ. जायला सोपं आहे. स्वारगेटहून एसटी, दिवे घाट चढला की सासवड.

पहिले दोन दिवस नुसती बांधणी. डेप्रॉन नावाच्या हलक्या फोमच्या शीटमधून पंख कापायचे, आत कार्बनची दांडी घालायची, सर्व्हो म्हणजे पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी बसवायच्या, सगळं हॉट ग्लूने चिकटवायचं. लेकीने घाईत घरून आणलेला झटपट चिकटणारा गोंद लावला आणि डोळ्यांदेखत शीट विरघळून करंगळी जाईल एवढं भोक पडलं. डेप्रॉन म्हणजे थर्माकोलचाच भाऊ, तो गोंद त्याला खातो. फोमला चालणाराच गोंद न्या.

तोल हा सगळ्याचा पाया. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांश अंतरावर दोन बोटं टेकवून विमान उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, तशीच उडवू नका.

तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला माळावर. वारा पडलेला असतो तो हाच वेळ. दहानंतर ऊन तापलं की हलकं विमान कागदासारखं हेलकावतं. लेकीचं विमान उडालं, डावीकडे कललं, तिने रिमोटची स्टिक उजवीकडे नेली तसं आणखीच कललं आणि नाकावर आपटलं. आदल्या रात्री दुरुस्त करताना सर्व्हो उलटा बसला होता. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी बघाच: स्टिक उजवीकडे नेली की उजव्या पंखाचं एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेची झडप, वर उठलं पाहिजे. मी धावणार तोच सरांनी हात केला, "थांबा, तिचं तिला आणू दे." तिने तुकडे गोळा केले, दुपारपर्यंत नवं नाक बसवलं. पालकांनी शेडमध्ये जाऊच नये, असं माझं ठाम मत झालंय.

मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती विमान आपल्याकडे येत असताना, कारण डावं-उजवं उलटं होतं. सरांची युक्ती अशी: जो पंख खाली झुकलाय, त्या बाजूला स्टिक न्यायची. घरी सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खोट्या विमानावर, एवढं घोटून गेलात तरी निम्मी विमानं वाचतील.

या विमानांच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीशी खेळ नको. चार्जिंगला लावून झोपू नका, फुगलेली वापरू नका, घरी ठेवताना सेलमागे 3.8 व्होल्टवर ठेवा. शिबिराला प्रवासी विमानाने येणार असाल तर बॅटरी हातातल्या बॅगेतच.

शिबिरानंतर गच्चीवरून उडवायचा मोह होतो. ड्रोन नियम 2021 नुसार मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. पुण्यात लोहगाव विमानतळ आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आहे, तेव्हा आधी 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहे ना ते बघा. शिबिरवाल्यांनाही हे विचारा.

पाचव्या दिवशी लेकीने चार मिनिटं उडवून गवतात अलगद उतरवलं. "बाबा, नाक शाबूत आहे!" म्हणून ओरडली, तेव्हा माझे डोळे भरून आले. परतताना एसटीत मीटरभर पंख कुठेच मावेना, तो दिवे घाट उतरेपर्यंत तिने उभा धरला होता. तेव्हा पहिल्याच दिवशी सरांना सांगून ठेवा, पंख रबरबँडने निघणारा हवा.