डॉलरमध्ये नापास

मी ग्रुप फायनान्सला आहे, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या आमच्या कंपन्यांचे आकडे दर महिन्याला डॉलरमध्ये आणून एकत्र करायचे आणि कोण पुढे कोण मागे ते साहेबांना दाखवायचं.

६ मार्च २०२४, बुधवार. फेब्रुवारीचा रिपोर्ट होत आलेला आणि इजिप्तची कंपनी पहिल्या तीनमध्ये, सगळे खूश. तेवढ्यात बातमी आली की इजिप्तच्या सेंट्रल बँकेने पाउंड मोकळा सोडला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोपवला, आणि व्याजदर एका झटक्यात ६ टक्क्यांनी वाढवले. डॉलरला ३१ पाउंड होते ते त्याच दिवशी ५० च्या घरात. साहेब म्हणाले, नवा रेट टाकून बघ. टाकला. विक्री तीच, माणसं तीच, फॅक्टरी तीच, पण पाउंडातला तोच नफा डॉलरमध्ये जवळपास ३८ टक्के कमी, वर आपण त्यांना डॉलरमध्ये दिलेलं कर्ज पाउंडात ६० टक्क्यांनी फुगलं. कंपनी थेट तळाला. मीटिंगमध्ये लगेच सुरू, तिथल्या मॅनेजमेंटचा कंट्रोल सुटलाय वगैरे.

मी कैरोला फोन लावला, वाटलं तिथला फायनान्स हेड रडकुंडीला आला असेल. तर हा माणूस चक्क खुशीत! म्हणाला, आता तरी बँक डॉलर देईल, कच्चा माल पोर्टवरून सुटेल. "गेलं वर्षभर काळ्या बाजारात डॉलर महागच होता, जानेवारीत तर ६०च्या वर गेला, आणि तुम्ही आमचा नफा ३१ ने भागत बसलात. त्यातला एक डॉलर तरी डिव्हिडंड म्हणून तुमच्याकडे पोचला का?"

नव्हता पोचला. म्हणजे आम्ही ज्याच्या जोरावर त्यांना पहिल्या तीनमध्ये बसवलं तो नफा आमच्या एक्सेलमध्येच होता, आणि ज्या दिवशी त्यांचा धंदा जरा मोकळा झाला त्याच दिवशी आम्ही त्यांना नापास केलं. (तुर्कस्तानचं तर बोलूच नका, २०२२ पासून तिथे हायपरइन्फ्लेशनचं अकाउंटिंग लागतं, म्हणजे जुने आकडे महागाईप्रमाणे वाढवून मांडायचे, खरी वाढ किती आणि महागाई किती हे सांगताना मलाच घाम फुटतो.)

रात्री बसून मी वेगळा तक्ता केला, माल किती विकला, स्थानिक चलनात महागाई वजा जाता काय उरलं, त्याच देशातल्या बाकीच्या कंपन्यांचं कसं चाललंय. साहेबांनी बघितला, छान आहे म्हणाले आणि शेवटी परिशिष्टात टाकायला सांगितला.

बोनसची शीट मात्र डॉलरमध्येच राहिली. कैरोवाल्याच्या नावापुढे त्या वर्षी शून्य आलं आणि ती शीट पाठवणारा मीच.