झोपडी पडली, पत्ता कागदावरच: आमच्या चेंज रिपोर्टचा अनुभव

वस्तीत संस्था चालवणाऱ्यांना लोक विचारतात, निधी कुठून आणता? त्याआधी विचारा, खजिनदार कसा बदलता.

आमची संस्था लहान. मुलांची अभ्यासिका आणि बायकांचं कापडी पिशव्या शिवायचं युनिट. महाराष्ट्रात बऱ्याच संस्थांची असते तशी आमची नोंदणीही दुहेरी: एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली, दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. पॅन, सरकारच्या दर्पण पोर्टलवरची संस्थेची नोंद, कंपन्यांच्या निधीसाठी २०२१ पासून लागणारा सीएसआर-१ अर्ज, हे सगळं सीएंनी करून दिलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग खजिनदार मावशींनी राजीनामा दिला. सभेची नोटीस, हजेरी, ठराव, इतिवृत्त, नव्या खजिनदारांचं संमतीपत्र, सगळं जोडून विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे नोंदीतला बदल कळवणारा अर्ज, दाखल केला. मुदत ९० दिवसांची असते, ती अजिबात चुकवू नका. नाहीतर विलंब माफीचा अर्ज वेगळा आणि त्याच्या तारखा वेगळ्या.

अडलं ते नोटिशीपाशी. जाणाऱ्या विश्वस्ताला कळवायचं, हे रास्तच आहे, नाहीतर कुणीही कुणालाही कागदावर काढून टाकेल. पण नोटीस जाते शेड्यूल वनवरच्या, म्हणजे कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीतल्या, पत्त्यावर. तो पत्ता म्हणजे मावशींची झोपडी, आणि आमची वस्ती झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत केव्हाच पाडलेली. मावशी बिल्डर देतो त्या भाड्यावर दुसरीकडे खोली घेऊन राहतात. पाकीट परत आलं. टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, बजावणी झालेली नाही. पार्टी सापडत नाही."

पुढच्या तारखेला मी पार्टीलाच घेऊन गेले. धुण्याभांड्याची कामं बुडवून मावशी आल्या. "अहो, मीच ती," म्हणाल्या. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग फाइलकडे. "ते बरोबर आहे हो मावशी, पण पोच कुठंय?"

पुन्हा नोटीस, पुन्हा त्याच पत्त्यावर, जिथं आता पत्र्याचं कुंपण आणि खड्डा आहे. पोस्टमन तरी काय करणार! इकडे ऑडिटर म्हणतात, राजीनामा दिलेल्या बाईची सही चालवू नका. बँक म्हणते, आदेश आणल्याशिवाय नवी सही घेणार नाही. खात्यात पैसे आहेत आणि शिवणाऱ्या बायका मजुरीसाठी माझ्या दारात. त्या काळात मी घरीसुद्धा कुणाशी धड बोलत नव्हते.

शेवटी वकिलांनी मावशींचं प्रतिज्ञापत्र करायला सांगितलं: राजीनामा स्वखुशीनं दिला, बदलाला हरकत नाही, सध्या राहते इथे. त्याला योजनेचं परिशिष्ट-२ जोडलं, म्हणजे पात्र झोपडीधारकांची यादी. त्यात मावशींचं नाव आणि जुन्या झोपडीचा क्रमांक दोन्ही होतं. परिशिष्ट जोडायची कल्पना माझी हं, वकिलांची नाही! सुनावणीत साहेबांनी ते वाचलं, मावशींना विचारलं, "सही तुमचीच ना?" आणि प्रतिज्ञापत्र रेकॉर्डवर घेतलं. इतके महिने जे हलत नव्हतं ते चहा निवायच्या आत झालं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "एवढंच विचारायचं होतं तर पहिल्यांदाच विचारायचं की."

तेव्हा राजीनामा हातात घ्याल त्याच दिवशी ना हरकतीचं प्रतिज्ञापत्रही करून घ्या, माणूस गावाला निघून जायच्या आत. विश्वस्ताचा नुसता पत्ता बदलला तरी चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, हे वस्तीतल्या संस्थांना कुणी सांगतच नाही. पुनर्वसनाची हालचाल दिसली की त्या तयारीला लागा. दर्पणसाठी नव्या विश्वस्ताचे पॅन आणि आधारही मागून ठेवा, मगाशी राहिलं.

आणि आदेश झाला की प्रमाणित प्रती दोन-तीन जास्तच मागा. बँकेनं आमची एकुलती एक प्रत ठेवून घेतली, आणि दुसऱ्या प्रतीसाठी मी परत त्याच टेबलासमोर.