चौदा हिरवे तुतवार

पुण्याजवळच्या कवडीपाटला मी गेली चार वर्षं हिवाळ्यात दर रविवारी पक्षी बघायला जातो. सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे आत वळायचं, मुळा-मुठेवरच्या जुन्या बंधाऱ्यापाशी स्कूटर लावायची आणि काठाकाठाने तासभर चालायचं. पाण्यावर अख्ख्या पुण्याचा फेस, दगडांना अडकलेल्या पिशव्या आणि त्यातच ऐटीत चक्रवाकांच्या जोड्या. वासाची सवय होते.

यंदा दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या पक्षिनोंदींच्या अ‍ॅपवर टाकायला लागलो. शेकाटे, धोबी, चक्रवाक सगळे बिनबोभाट पार पडले. अडलं ते ‘हिरवा तुतवार – 14’ पाशी; तुतवार म्हणजे काठाच्या चिखलात चरणारा छोटा पक्षी. अ‍ॅपवर लाल खूण: संख्या जास्त वाटते, तपशील द्या. मी लिहिलं, ‘स्वतः मोजले.’ दोन दिवसांनी अ‍ॅपवरच्या नोंदी तपासणाऱ्या कुणा तपासनीसाचा मेल: हिरवा तुतवार सहसा एकटादुकटा असतो, त्याच्यासारखेच दिसणारे ठिपकेवाले तुतवार नव्हते ना?

डोकंच फिरलं. चार वर्षं थंडीत कुडकुडतोय मी, आणि हा घरबसल्या मला तुतवार शिकवणार! नोंद तशीच लटकत ठेवली आणि पुढच्या रविवारी पुरावा गोळा करायला गेलो. धुकं. त्यात मी नेहमीच्या जागी, म्हणजे उन्हाकडे तोंड करून उभा. समोरचे सगळे पक्षी काळे. (सूर्य पाठीशी घ्या. एवढी साधी गोष्ट मला चार वर्षं सुचली नव्हती.) त्याच्या पुढच्या रविवारी कुत्र्यांनी थवा उधळला. मोबाइलवरच्या फोटोत नुसते चिखलाचे ठिपके.

तिसऱ्या खेपेला पलीकडून गेलो, खाली बसलो आणि अर्धा तास हललो नाही. एक तुतवार जवळ आला. पाठीवर पांढुरकी ठिपक्यांची नक्षी, पाय पिवळसर आणि पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत ओढलेली. शेजारचा पण तसाच. त्याच्या पलीकडचा पण. खरा हिरवा भेटला तो कडेला, एकटा: भुवई डोळ्यापाशीच संपलेली, पाठ गडद. उडाला तेव्हा पंख खालूनही काळेच आणि शेपटीच्या वर लख्ख पांढरं. ठिपकेवाला उडताना पंखांखाली फिकट दिसतो, पाय शेपटीबाहेर येतात, आणि ‘चिफ-चिफ-चिफ’ ओरडतो.

मोजले. हिरवे 2, ठिपकेवाले 11.

घरी येऊन जुनी नोंद दुरुस्त करायला बसलो, तर त्या दिवशीच्या चौदातले हिरवे किती, हे आता कुठून आणणार? अ‍ॅपवर वरची पायरी निवडायची सोय असते, म्हणजे जात नक्की न करता नुसता ‘तुतवार’. ते टाकलं आणि लाल खूण गेली. ही सोय पहिल्याच मेलमध्ये सांगितली असती तर? तपासनीसाला ‘धन्यवाद’ लिहिलं, दात खात.

आणि हो, ‘भरपूर’ असं लिहू नका, आकडा लिहा. बूट जुनेच घाला, तो चिखल धुऊनही जात नाही.