कवळीची कड

मी डेंटिस्ट आहे, एका मोठ्या हॉस्पिटलच्या दातांच्या विभागात बसते. तोंड आलंय म्हणून रोज पाच-सहा जण तरी येतातच आणि बहुतेकांना बघायला मिनिटभर पुरतं. ओठाच्या, गालाच्या आत किंवा जिभेखाली, म्हणजे जिथलं अस्तर मऊ आणि हलतं असतं तिथे चार-पाच मिलिमीटरचा खड्डा, तळ पिवळट, भोवती लाल कडं. ही साधी जखम, 7 ते 14 दिवसांत आपली आपण भरते, जेल देतो ते फक्त मधले दिवस सुसह्य व्हावेत म्हणून. टाळूच्या घट्ट भागावर किंवा हिरडीवर बारीक फोडांचा पुंजका दिसला तर हर्पिस डोक्यात आणायचा. आणि दोन-तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. हा शेवटचा नियम आमच्याकडून इतका घोटून घेतलेला असतो की झोपेतून उठवलं तरी सांगू.

त्या शुक्रवारी एक आजी आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, सोबत मुलगा. वर-खाली दोन्ही कवळ्या. दोन दिवसांपासून तोंड दुखतंय, कवळी घालवत नाही. बघितलं तर खालच्या कवळीची कड जिथे टेकते तिथे एक जखम आणि दुसरी खालच्या ओठाच्या आत. कवळीवाल्या पेशंटला जखम म्हणजे कवळीच लागत असणार, हे समीकरण माझ्या हातात आहे, डोक्यापर्यंत जातच नाही. आणि हे काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. कवळीच्या आतून ती पांढरी पेस्ट लावायची, बसवून दाबायची, काढल्यावर जिथली पेस्ट पुसली गेली तेवढीच जागा ट्रिमरने घासायची, एक केस जास्त नाही. बरेच जण डोळ्यांच्या अंदाजाने कड उडवतात आणि मग कवळी सैल झाली म्हणून पेशंट वर्षभर फेऱ्या मारतो. मी तीनदा पेस्ट लावली, तीनदा घासलं, कड पॉलिश करून दिली. आजी म्हणाल्या, "आता बरं वाटतंय हो."

ओठाच्या आतली जखम मात्र कवळीच्या कुठल्याच कडेला जुळत नव्हती. ते मला दिसलं होतं. असेल साधी, दोन दिवसांचीच आहे, दोन आठवडे थांबून बघू म्हटलं. तिच्याभोवती लालीसुद्धा फारशी नव्हती, म्हणून मी केसपेपरवर "सौम्य" लिहिलं. जेल, बी-कॉम्प्लेक्स आणि दुखण्यासाठी आयबुप्रोफेन. पुढचा पेशंट.

मंगळवारी मुलगा त्यांना व्हीलचेअरवरून घेऊन आला.

कवळ्या रुमालात गुंडाळलेल्या. ओठांवर रक्ताच्या खपल्या, बोलताना त्या फुटत होत्या. आत दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, घशाकडचा मऊ टाळू, सगळीकडे वेड्यावाकड्या आकाराचे उघडे पट्टे आणि वर राखाडी पापुद्रा. लाल कडं कुठेच नाही, मेणावर खरवडल्यासारखं. वरच्या टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आरशाच्या मागच्या बाजूने दाबले तरी फिके पडेनात, म्हणजे ते अस्तराखाली साकळलेलं रक्त. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. जखमेभोवतीची लाली आणतं कोण तर शरीरच, पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात म्हणून. पेशीच नसतील तर कडं कुठून येणार. म्हणजे शुक्रवारी ज्या गोष्टीवरून मी "सौम्य" लिहिलं तीच गोष्ट मला घाबरवायला हवी होती.

मी आधीचा केसपेपर काढला. आमच्या केसपेपरवर 32 दातांचा तक्ता अर्धं पान खातो आणि "चालू औषधे" यासाठी एक ओळ, तीही बोटभर. आजींच्या तोंडात एकही दात नाही तरी तक्ता आहेच. त्या बोटभर ओळीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "संधिवाताच्या गोळ्या". विचारलं होतं मी, त्या म्हणाल्या सांध्यांच्या गोळ्या चालू आहेत, मी लिहून घेतलं आणि पुढे गेले.

मुलाला म्हटलं औषधं आहेत का सोबत. त्याने पिशवीतून सात खणांची डबी काढली, वारांची नावं स्वच्छ अक्षरात चिकटवलेली. आईचं चुकू नये म्हणून तोच दर आठवड्याला भरायचा. बुधवारपासून शनिवारपर्यंत प्रत्येक खणात एक छोटी पिवळी गोळी. गोळ्यांची स्ट्रिप मागितली, तीही होती. मेथोट्रेक्सेट, 10 मिलिग्रॅम. आणि दुसरी तितकीच छोटी, तितकीच पिवळी फॉलिक अ‍ॅसिड या व्हिटॅमिनची, तिच्या स्ट्रिपमधल्या जेमतेम दोन गेलेल्या.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. आजी आधी दर रविवारी 2.5 च्या चार गोळ्या घ्यायच्या, यावेळी चारऐवजी 10 ची एकच लिहून दिली, सोय म्हणून. चिठ्ठीवर पुढे "ओ डब्ल्यू" अशी दोन अक्षरं, म्हणजे आठवड्यातून एकदा, ज्यांना कळतं त्यांना कळतं. मुलाला वाटलं एक गोळी म्हणजे रोज एक, आणि व्हिटॅमिन आठवड्यातून एकदा. मुख्य औषध रोजचं आणि व्हिटॅमिन अधूनमधून, कुणालाही तसंच वाटेल की. मागच्या आठवड्यातल्या रविवारपासून मंगळवारपर्यंत दहा दिवसांत दहा गोळ्या, 100 मिलिग्रॅम. ठरलेलं होतं 20. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तो सहावा दिवस होता, तेव्हाच थांबवता आलं असतं.

या औषधाचं काम पेशींना नवीन डीएनए बनवण्यासाठी लागणारं फोलेट, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्या घराण्यातलं व्हिटॅमिन, वापरू न देणं. मग ज्या पेशी सगळ्यात भराभर बदलतात त्या आधी मार खातात, तोंडाचं अस्तर आणि हाडातला मगज, जिथे रक्तपेशी बनतात. तोंड आपल्याला दिसतं, मगज दिसत नाही, एवढाच फरक.

मेडिसिनच्या रेसिडेंटला फोन केला तर तो म्हणाला, "तोंडाच्या अल्सरसाठी अर्जंट सीबीसी?" म्हणजे रक्तपेशींची मोजणी. दातवाल्यांचा फोन म्हटलं की हा सूर ठरलेला. मी औषधाचं नाव आणि दहा दिवस एवढंच सांगितलं, पाच मिनिटांत स्वतः खाली आला. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी 1400, प्लेटलेट्स 38 हजार, क्रिएटिनिन 1.8. किडनी दमलेली, आणि हे औषध बाहेर पडतं ते किडनीवाटेच. आयबुप्रोफेन किडनीचा रक्तपुरवठा कमी करतं, औषध अंगात साठतं. मी लिहून दिलेल्या त्या गोळ्या त्यांनी किती घेतल्या हे मी मुलाला विचारलं. रोज दोन, म्हणाला. क्रिएटिनिनमधला माझा वाटा किती ते मोजायची काही तपासणी नाही.

वर वॉर्डात ल्युकोव्होरिन, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरचा उतारा, सुरू झालं, 15 मिलिग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून. मुलगा म्हणत होता फॉलिक अ‍ॅसिड जास्त देऊ का, त्याला सांगितलं की ते वापरात आणणारा एन्झाइमच अडवलेला आहे, ल्युकोव्होरिन त्या अडथळ्याच्या पुढून आत शिरतं. पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं, अँटिबायोटिक, सलाईन हे सगळं मेडिसिनवाल्यांनी बघितलं. तोंड माझ्याकडे. कवळ्या पूर्ण बंद. अल्कोहोलवालं माउथवॉश कुणीतरी आधीच उशाशी ठेवलं होतं, ते आधी उचललं, उघड्या जखमेवर ते म्हणजे छळ. कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा, चिमटी-चिमटी, दर दोन-तीन तासांनी नुसतं तोंडात फिरवून सोडायचं, खुळखुळायचं नाही. ओठांना व्हॅसलीन. खाण्याआधी बधिरतेचं जेल, पण थोडंच, घसा बधिर झाला तर घास श्वासनलिकेत जातो. आणि मुलाने एकट्यात मला विचारलं, "मॅडम, मी केलं ना हे?" मी म्हटलं नाही. मग केसपेपर आठवला आणि पुढे काही बोलले नाही.

सहाव्या दिवशी गालाच्या आत पहिल्यांदा लाल कडं दिसलं. एवढा आनंद मला जखमेभोवतीची लाली बघून कधी झाला नव्हता. दोन दिवसांनी पेशी चार हजारांवर.

केसपेपरच्या त्या एका ओळीबद्दल मी लिहून कळवलं. उत्तर आलं की छापील साठा संपल्यावर बघू. तोवर मी रबरी शिक्का करून घेतलाय, "औषधाचं नाव, किती, कधी, डबी बघितली का". ज्युनियर हसतात.

आजी परवा आल्या होत्या, पाच आठवड्यांनी. तोंड गुळगुळीत, एक व्रण नाही. तक्रार एकच, खालची कवळी हलते. वजन उतरलंय, हिरडी थोडी बसलीये, पण मुख्य म्हणजे मी तीनदा पेस्ट लावून इतकी नीट घासलेली कड. "तुम्ही घासलीत तेव्हा दोन दिवस खरंच बरं वाटलं होतं हो," त्या पुन्हा म्हणाल्या. म्हणजे ती जखम कवळीचीही होती की काय, मला अजून कळत नाही. मी माप घेतलं आणि त्या कडेवर नवीन अ‍ॅक्रिलिक चढवलं.