हुसैनीवाल्याची संध्याकाळ

साताऱ्याहून पंजाबला सहली नेणं हे माझं काम. अमृतसरला गेलं की अटारीला पाकिस्तानच्या सीमेवर संध्याकाळी झेंडे उतरवायचा सोहळा बघायचाच असतो, तिथं मी सगळ्यांनाच नेतो. पण अपशिंगे मिलिटरी या गावातल्या माजी सैनिकांचा आणि त्यांच्या घरच्यांचा गट आला, तेव्हा फिरोजपूरजवळचं हुसैनीवालाही घ्यायचं ठरवलं. कारण राजगुरू. २३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरूंना फाशी दिल्यावर लोक खवळतील या धास्तीनं इंग्रजांनी देह रातोरात इथं सतलजकाठी आणून घाईघाईनं दहन केले. फाळणीत ही जागा पलीकडं गेली होती. १९६१ मध्ये बारा गावं देऊन भारतानं ती परत घेतली. आपल्या खेडचा पोरगा जिथं राख झाला ती जागा किती मराठी माणसांना माहीत असते? मला याचं फार वाईट वाटतं.

एका काकूंनी साताऱ्याहून जपून आणलेले कंदी पेढे समाधीपुढं ठेवले आणि आम्ही तिथल्या सीमेवर असाच सोहळा बघायला गेलो.

अटारीच्या मानानं इथं गर्दी थोडी, आणि पलीकडची माणसं इतकी जवळ की चेहरे ओळखू येतात. आमच्या गटातली नातवंडं घोषणा देऊन घसा बसवत होती. सीमा सुरक्षा दलाच्या जवानाचा पाय कपाळापर्यंत गेला की टाळ्यांचा नुसता कडकडाट. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आबा मात्र गप्प बसून होते. बिगुल वाजला तसे ते काठी बाकाला टेकवून सावधानमध्ये उभे राहिले. मी मोबाईलवर जवानांच्या मिशा टिपत होतो.

"मिशा काय बघतुयास? दोरीकडं बघ," ते हळूच म्हणाले.

बघितलं. दोन्ही झेंडे एकदमच उतरत होते. कुणाचा वीतभर वर नाही, कुणाचा खाली नाही. मघापासून एकमेकांवर डोळे वटारणारी माणसं आता एकमेकांच्या हाताचा अंदाज घेत दोरी सोडत होती. तेवढा वेळ दोन्हीकडच्या घोषणाही मला ऐकू आल्या नाहीत.

परतताना बसमध्ये आबा खुलले. सूर्यास्ताला झेंडा उतरवायची ही रीत पलटणीत रोजचीच, तिला रिट्रीट म्हणतात, असं त्यांनी पोरांना सांगितलं. "पाय आपटायला कुणालाबी शिकवता येतंय. दोरी सोडायला डोकं थंड लागतंय."

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये या सोहळ्यातली फाटकं बंद राहू लागली, हस्तांदोलनही थांबलं. मग जाऊन काय बघायचं, असं लोक विचारतात. मी म्हणतो, जरूर जा. घोषणा मनसोक्त द्या, पण बिगुल वाजला की उभं राहा आणि मोबाईल खिशात ठेवा. आणि अमृतसरच्या सहलीत हुसैनीवाल्यासाठी एक दिवस जास्तीचा काढा. दुपारीच पोहोचा, म्हणजे समाधीपाशी घाई होणार नाही.