जुन्या पेपरांची फाईल

सकाळी सातला मी ग्रंथालयाचं कुलूप काढते तेव्हा जिन्यावर चार-पाच जण बसलेले असतातच. बहुतेक कर्जतच्या बाजूने येणारे, शेलू, नेरळ, भिवपुरीचे. गाडी चुकली की पुढची लवकर नाही, म्हणून ही मुलं कायम वेळेच्या आधी येतात. लेक्चर साडेसातला. तेवढ्या अर्ध्या तासात पंख्याखालच्या चार खुर्च्या भरतात आणि आमचे शिपाई मामा टेबलं पुसत पुसत त्यांच्या मागून फिरतात.

आमचं कॉलेज बदलापूरचं. कला आणि वाणिज्य, एकच इमारत. मी इथे 2003 पासून ग्रंथपाल आहे. आमच्याकडे मुलं मला नावापेक्षा गाडीने जास्त लक्षात राहतात. कोण कोणत्या गाडीने येतो, दुपारी बाराला सुटून कोण अंबरनाथ एमआयडीसीत पाळीवर जातो, कोण कपड्यांच्या दुकानात उभी राहते, हे मला माहीत असतं. हजेरी 75 टक्के भरली नाही की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं, त्यातली निम्मी नावं मी आधीच सांगू शकेन. ती मुलं टाळाटाळ करणारी नाहीत. त्यांची पाळी बदललेली असते.

या मुलांना ग्रंथालयात काय लागतं? खरं सांगते, आधी खुर्ची लागते. घरी एक खोली, त्यात रात्रपाळी करून आलेला भाऊ झोपलेला, टीव्ही चालू. इथे दिवा आहे, पंखा आहे आणि कुणी हाक मारत नाही. खुर्चीनंतर लागतात जुने पेपर. पाठ्यपुस्तकं, कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षेची मासिकं, सगळं त्यानंतर. बी.कॉम.च्या मुलांना तर 657 हा आकडा पाठ असतो, कारण पुस्तकांच्या वर्गीकरणात अकाउंटिंगचा क्रमांक तो, कपाट तेच. पण परीक्षा जवळ आली की तेही कपाट सोडून सगळे काउंटरवर येतात आणि एकच विचारतात, “मॅडम, फाईल आहे का?”

फाईल म्हणजे विषयवार बांधलेल्या प्रश्नपत्रिका. गाईडमध्ये उत्तरं मिळतात. पण पेपर काढणारा कुठल्या प्रकरणावर परत परत येतो, पंधरा मार्कांचं गणित कसं फिरवतो, हे फक्त पेपरच सांगतो. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, त्याला हे सांगणारं दुसरं कोण आहे? मोठ्या भावाने सांगायच्या गोष्टी आमच्याकडे ती फाईल सांगते.

26 जुलै 2005 ला उल्हास नदीचं पाणी गावात शिरलं. ग्रंथालय तेव्हा तळमजल्यावर होतं. खालचे दोन खण बुडाले आणि फाईल नेमकी खालच्या खणात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही पुस्तकं बाकांवर उभी करून ठेवली, पानं पंख्यासारखी उघडी. दर पंधरा-वीस पानांमागे रद्दी वर्तमानपत्राचा कागद घालायचा, तो ओला झाला की बदलायचा. मी, मामा आणि एनएसएसची मुलं दोन आठवडे तेच करत होतो. अजूनही त्यातलं एखादं पुस्तक हातात आलं की खालच्या कडेला चहाच्या रंगाची रेघ दिसते आणि पान उलटताना करकर आवाज येतो. पुष्कळशी पुस्तकं बचावली. फाईल मात्र गेली, तिचा लगदा झाला होता.

मी फळ्यावर फक्त एक ओळ लिहिली होती: कुणाकडे जुने पेपर असतील तर आणून द्या. गणपतीपर्यंत शंभराच्या वर आले. पास होऊन गेलेली मुलं घरून शोधून घेऊन आली. एकाने कल्याणहून पाकीट पाठवलं, त्यात तिन्ही वर्षांचे पेपर होते आणि प्रत्येकावर त्याने पेन्सिलने लिहिलं होतं, कोणता प्रश्न सोडवला, कोणता राहिला. ती अक्षरं मी खोडली नाहीत.

नंतर ग्रंथालय पहिल्या मजल्यावर हलवलं. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, त्या पावसात आमच्या एकाही पुस्तकाला पाणी लागलं नाही.

पण 2024 च्या जूनमध्ये प्रथम वर्षाला नवीन शैक्षणिक धोरण लागू झालं. विषयांची रचनाच बदलली: मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडविषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक, शिवाय भारतीय ज्ञान प्रणाली, एका सत्राला 22 क्रेडिट. धोरणाबद्दल प्राध्यापक मंडळींनी बोलावं, मी माझ्या काउंटरपुरतं बोलते. पहिल्या सेमच्या आधी नेरळची एक मुलगी आली, फाईल मागितली. मी म्हटलं, “अगं, या विषयाचा जुना पेपरच नाही. तुमचीच पहिली बॅच.” ती थोडा वेळ उभीच राहिली. मग म्हणाली, “म्हणजे आमच्या आधी कुणीच दिला नाही का हा पेपर?”

त्या प्रश्नाने मला फार लागलं. मी तिला अभ्यासक्रमाची प्रत काढून दिली, जुन्या विषयांतली जी प्रकरणं नव्यात आली आहेत त्यांवर खुणा करून दिल्या. दोन प्राध्यापकांना गाठून नमुना प्रश्न लिहून घेतले. तेवढंच करता आलं.

परीक्षा सुरू झाली आणि पहिल्याच पेपरानंतर ती परत आली. प्रश्नपत्रिका चार घड्या घालून कंपासपेटीत ठेवलेली. “मॅडम, फाईलला लावा,” म्हणाली. गाडी गाठायची होती, लगेच गेली. मी घड्या सरळ करायला तो कागद जाड शब्दकोशाखाली ठेवला. मागच्या बाजूला तिने कच्चं काम केलं होतं, ताळेबंदाच्या दोन्ही बाजूंच्या बेरजा, एक खोडलेली, खाली परत घातलेली आणि जुळलेली. नव्या फाईलमधला तो पहिला कागद आहे.

आता त्या फाईलमध्ये चार सेमचे पेपर आहेत. पुढची बॅच ती हाताळते तेव्हा मी बघत असते. कडा आत्ताच मऊ पडायला लागल्या आहेत, प्लास्टिकची पाकिटं मागवायला हवीत.

एक मागणी मात्र मी दरवर्षी करते: परीक्षेच्या महिन्यात रविवारी वाचनकक्ष उघडा ठेवावा. वीज, शिपाई, सुरक्षा अशी कारणं इतकी वर्षं मिळाली, आणि ती खोटी नाहीत. पण ज्याच्या घरी बसायला जागा नाही, त्याचा परीक्षेआधीचा रविवार पूर्ण वाया जातो, हेही तितकंच खरं आहे. यंदा अर्जासोबत मी मुलांच्या सह्या जोडल्या, आणि मामांनी स्वतःहून लिहून दिलं की ते येतील.

परवानगी मिळाली आहे. येत्या रविवारपासून परीक्षा संपेपर्यंत, सकाळी 8 ते दुपारी 2. आय-कार्ड आणा. रविवारी कूलर बंद असतो, पाण्याची बाटली भरून आणा. फाईल काउंटरवरच ठेवते.